गुठळीचें वय आणि रोग्याचें वय

रोग्याला घेऊन आलेल्या मंडळींना डॉक्टर जे प्रश्न विचारतो त्यांत वयाचा प्रश्न बहुधा पहिला असतो. नांव, वय, धंदा अशा क्रमानें तो कागदावर उतरतो, आणि पुष्कळ वेळां त्या आंकड्यावरून नातेवाइकांच्या मनांत निकालहि लागून जातो. "८२ वर्षांचें वय, आतां कसले उपाय करावयाचे?" असें कोणी तरी दबल्या आवाजांत म्हणतें आणि इतर मंडळी माना हालवितात. हातापायांच्या रोहिण्या एकाएकीं बंद पडण्याचा जो विकार आहे त्यांत हा दबल्या आवाजांतला निकाल फार महाग पडतो. पाय राहणार कीं जाणार याचा फैसला तेथें थोडक्या वेळांत व्हावयाचा असतो, आणि त्यासाठीं दोन वयांची चौकशी करावी लागते: एक रोग्याचें आणि दुसरें त्याच्या रोहिणींत अडकलेल्या गुठळीचें. पहिलें सर्वांना ठाऊक असतें. दुसरें शोधून काढावें लागतें, आणि उपाय कोणता करावा हें बव्हंशीं त्या दुसऱ्यावर ठरतें.

रोहिणी म्हणजे हृदयाकडून निघालेलें शुद्ध रक्त अवयवांपर्यंत नेणारी वाहिनी. तिला धमनी असेंहि म्हणतात. पोटांतील महारोहिणी बेंबीच्या सुमारास दुभंगते आणि तिची एकेक शाखा एकेका पायाकडे वळते. जांघेंतून मांडींत, मांडींतून गुडघ्याच्या मागें, आणि तेथून पुढें तीन बारीक फांट्यांनीं ती पावलापर्यंत उतरते. या वाटेवर कोठें तरी एकाएकीं बूच बसलें कीं खालच्या भागाचें रक्त तुटतें. पाय असह्य दुखूं लागतो, पांढरा फटक व थंडगार पडतो; पावलावर एरवीं बोटाला लागणारी नाडी लागत नाहीं. यानंतर जीं दोन लक्षणें येतात तीं अधिक भीतिदायक होत. पाऊल बधिर होतें, आणि शेवटीं बोटें हालवितां येईनाशीं होतात. ज्ञानतंतु व स्नायु यांना ही उपासमार फार वेळ सोसत नाहीं. कातडी पुष्कळ वेळ तग धरते. म्हणून वरून कातडी धड दिसत असतां आंतले स्नायु मरूं लागलेले असूं शकतात. रक्त पूर्णपणें तुटलें असेल तर सुमारें सहा तासांनंतर कायमचें नुकसान होऊं लागतें, असा शस्त्रवैद्यांचा ठोकताळा आहे.

घरोघरीं हें दुखणें वातावर घातलें जातें. म्हाताऱ्या माणसाच्या पायांत गोळे येणें, मुंग्या येणें यांत नवल तें काय, अशा समजुतीनें तेल चोळलें जातें, गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते, सकाळची वाट पाहिली जाते. बधिर पायाला पिशवीचा चटका कळत नाहीं आणि रक्त नसलेली कातडी त्या उष्णतेनें भाजून निघते, हा त्यांतला आणखी एक अनर्थ. तरुण माणसाचा पाय असा एकाएकीं थंड पडला तर घर खडबडून जागें होतें. ऐंशी वर्षांच्या माणसाचा पडला तर घर म्हणतें, रात्र काढूं या. वयाचा पहिला परिणाम हा असा रुग्णालयाच्या दाराबाहेरच होऊन गेलेला असतो.

हें बूच दोन प्रकारें बसतें. कधीं गुठळी दुसरीकडे तयार होते, रक्ताबरोबर वाहत येते आणि रोहिणीच्या फांट्यावर अडकते. कधीं रोहिणीच आंतून झिजलेली, खडबडीत व अरुंद झालेली असते आणि त्या अरुंद जागीं रक्त गोठून उरलासुरला मार्ग बंद होतो. एके ठिकाणीं झालेली गुठळी वाहत जाऊन दूरची वाहिनी बंद करते, हें जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध करून दाखविलें. वाहत येणारी गुठळी बहुधा हृदयांतून सुटते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होऊन ते नुसते थरथरूं लागले म्हणजे रक्त तेथें रेंगाळतें, आणि रेंगाळलेलें रक्त गोठतें. हा विकार उतारवयाचा सोबती आहे. पाश्चात्त्य देशांत ऐंशीच्या पुढच्या दहा माणसांत साधारण एकाला तो असतो. हिंदुस्थानांत त्याला दुसरें एक कारण जोडलेलें आहे. लहानपणीं संधिवाताच्या ज्वरानें हृदयाची झडप बिघडलेलीं माणसें येथें अजून पुष्कळ आहेत आणि त्यांना हाच प्रसंग तिशीचाळिशींत येतो. तेव्हां हें केवळ म्हाताऱ्यांचें दुखणें अशी कोणी समजूत करून घेऊं नये.

वाहत आलेल्या गुठळीवर शस्त्रक्रियेचा उपाय विसाव्या शतकाच्या आरंभापासून माहीत होता. पण त्यांत यश थोडें आणि धोका फार, अशी स्थिति कित्येक दशकें होती. ती पालटली एका फुग्यानें. अमेरिकेंत सिन्सिनाटी येथें वैद्यक शिकत असलेल्या टॉमस फोगार्टी नांवाच्या तरुणानें एका बारीक नळीच्या टोकाला रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा बांधला. रबर नळीला चिकटेना. तेव्हां मासे धरण्याच्या गळाला कृत्रिम माशी बांधतांना ज्या गांठी मारतात त्या कामीं आल्या. मिटलेला फुगा गुठळीच्या पलीकडे ढकलावयाचा, तेथें फुगवावयाचा आणि मागें ओढून गुठळी बाहेर काढावयाची, अशी ही युक्ति. १९६१ सालीं ती प्रथम माणसावर वापरली गेली आणि १९६३ सालीं प्रसिद्ध झाली. जांघेंत लहानसा छेद, तेवढीच जागा बधिर केलेली, आणि सर्व कांहीं सुरळीत झालें तर अल्प वेळांत पाय पुन्हां तांबूस. येथें वयाचा एक विपरीत न्याय दिसून येतो. "म्हातारा माणूस, शस्त्रक्रिया नको, औषधानें काय होतें तें पाहा," असें घरची मंडळी विनवितात; पण हृदयांतून आलेली गुठळी जांघेंत अडकलेली असेल तर नव्वदीच्या माणसालाहि हा छोटा छेदच बहुधा अधिक सोसतो. भुलेच्या औषधावांचून तो करतां येतो. गुठळी विरघळविण्याचें औषध मात्र त्याच्या रक्तांत दिवसभर सोडावें लागलें असतें.

त्या औषधाची कथा एका जंतूपासून सुरू होते. १९३३ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत विल्यम टिलेट व त्याचा सहकारी गार्नर हे घसा सुजविणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा अभ्यास करीत होते. माणसाच्या रक्तद्रवांत हे जंतु मिसळले तर रक्तद्रव प्रथम नेहमीप्रमाणें गोठतो आणि कांहीं वेळानें पुन्हां पातळ होतो, असें त्यांना आढळलें. जंतूंच्या या द्रव्याला पुढें स्ट्रेप्टोकायनेज असें नांव पडलें. तें स्वतः गुठळी विरघळवीत नाहीं, हें १९४५ च्या सुमारास स्पष्ट झालें. माणसाच्याच रक्तांत प्लास्मिनोजेन नांवाचें एक द्रव्य निद्रिस्त असतें. स्ट्रेप्टोकायनेज त्याला जागें करतें आणि जागें झालेलें तें द्रव्य गुठळीचे धागे तोडूं लागतें. म्हणजे गोठण्याची विद्या आणि विरघळण्याची विद्या या दोन्ही निसर्गानें एकाच रक्तांत ठेविलेल्या आहेत, बाहेरून फक्त पारडें झुकवावयाचें असतें. पण स्ट्रेप्टोकायनेज पडलें जंतूचें, शरीराला परकें. एकदां दिलें कीं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करतें आणि पुन्हां देण्याची वेळ आली तर तें निष्फळ ठरण्याची किंवा अंगावर उलटण्याची भीति असते. म्हणून पुढें माणसाच्या मूत्रांत सांपडणारें युरोकायनेज आलें. त्यानंतर बेल्जममधील लूवेन येथील डेझिरे कोलेन याच्या प्रयत्नांनीं माणसाच्या पेशींतच तयार होणारें तिसरें द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. अल्टिप्लेज या नांवानें तें १९८७ सालीं अमेरिकेंत हृदयविकारासाठीं मान्य झालें, आणि पायाच्या गुठळ्यांसाठीं आज बहुतेक ठिकाणीं तेंच वापरतात.

पायाच्या बाबतींत औषध शिरेंतून सर्व शरीरभर सोडण्याऐवजीं थेट गुठळींत सोडावें, ही कल्पना पोर्टलंडच्या चार्लस डॉटर याच्या मंडळींनीं १९७४ सालीं मांडली. या डॉटरची कीर्ति त्याच्या दहा वर्षें आधींच्या एका साहसानें झालेली होती. १६ जानेवारी १९६४ रोजीं त्यानें एका ८२ वर्षांच्या बाईंच्या मांडींतील अरुंद झालेली रोहिणी, छेद न घेतां, नुसत्या नळ्या सरकवून रुंद केली. त्यांच्या पायाची बोटें सडूं लागलेलीं होतीं. शस्त्रवैद्यांनीं पाय कापावयाचा सल्ला दिला होता आणि बाईंनीं तो साफ नाकारला होता. नळ्या सरकविल्यावर पाऊल गरम झालें, दुखणें थांबलें. पुढें सुमारें अडीच वर्षें जगून त्या वारल्या, तोंपर्यंत आपल्याच दोन पायांवर चालत होत्या. त्यांच्या रोहिणींत ताजी गुठळी अडकलेली नव्हती, झीज होती. तरी आज जगभर वाहिन्यांच्या आंतून जे उपचार होतात त्यांतला पहिला रोगी ऐंशी ओलांडलेला होता ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वयाकडे पाहून डॉटरनें हात आंखडता घेतला असता, तर या शास्त्राचा जन्म कांहीं वर्षें तरी लांबला असता.

गुठळींत औषध सोडण्याची आजची रीत साधारण अशी. बऱ्या पायाच्या जांघेंतून बारीक नळी घालून ती महारोहिणीच्या दुभंगापर्यंत वर नेतात, तेथून वळवून दुखऱ्या पायांत उतरवितात आणि क्षकिरणांच्या पडद्यावर पाहत तिचें टोंक गुठळींत रोवितात. नळीला बाजूनें छिद्रें असतात. त्यांतून औषध ताशीं सुमारें १ मिलिग्रॅम या हिशेबानें झिरपत राहतें. हें प्रमाण किती अल्प आहे तें पक्षाघाताच्या उपचाराशीं ताडून पाहावें. मेंदूंतील गुठळीसाठीं ६० किलो वजनाच्या माणसाला याच औषधाचे ५४ मिलिग्रॅम एका तासांत शिरेवाटे देतात. पायासाठीं चोवीस तासांत २४ मिलिग्रॅमच्या आसपास. तरीहि तें सगळें जागच्या जागीं राहत नाहीं. थोडें थोडें शरीरभर पसरतें, आणि शरीरांत दुसरीकडे कोठें भेग बुजवून बसलेली एखादी उपयोगी गुठळी असेल तर तिलाहि विरघळवूं पाहतें. सारा धोका एवढ्या एका गोष्टींत आहे.

आतां त्या दुसऱ्या वयाकडे वळूं. ताजी गुठळी म्हणजे ओली माती. पाणी घातलें कीं सुटते. जुनी गुठळी भाजलेल्या विटेसारखी. दिवस जातील तसतसे तिच्यांतील धागे एकमेकांशीं घट्ट जखडले जातात, तिच्यांत पेशी शिरून नवें तंतुजाल विणतात, आणि तिच्यांतलें तें निद्रिस्त द्रव्य, ज्याला औषधानें जागें करावयाचें, तें कमी होत जातें. येथें श्रोत्यांच्या मनांत एक शंका येईल: सहा तासांत पाय जातो तर गुठळीला जुनें व्हावयास अवधि कोठून मिळतो? त्याचें उत्तर रोहिणीच्या आजूबाजूच्या बारीक आडवाटांत आहे. झीज हळूहळू झालेली असेल तर या आडवाटा रुंदावलेल्या असतात आणि मुख्य मार्ग बंद पडला तरी त्या पायाला कसाबसा जिवंत ठेवितात. असा रोगी आठ, दहा, वीस दिवसांनीं येतो. अमेरिकेंत शस्त्रक्रिया व विद्रावक औषध यांची तुलना करणारा एक मोठा प्रयोग झाला. ३९३ रोगी झाल्यावर तो मुदतीपूर्वीं थांबविण्यांत आला आणि १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ज्यांचें दुखणें १४ दिवसांच्या आंतलें होतें त्यांना औषधानें अधिक फायदा झाला, पाय कापण्याची पाळी कमी आली. त्याहून जुन्या दुखण्यांत शस्त्रक्रिया सरस ठरली. तेव्हांपासून चौदा दिवसांची ही रेघ सर्वत्र मानली जाते. म्हणून "दुखणें नेमकें कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं सुरू झालें" या प्रश्नाचें उत्तर घरच्या माणसांनीं जपून द्यावयास हवें. "झाले थोडे दिवस" या उत्तरानें डॉक्टरला कांहींच कळत नाहीं.

रोग्याच्या वयासंबंधीं प्रयोगांचा निर्णय मात्र इतका सरळ नाहीं. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथें ११४ रोग्यांवर झालेला व १९९४ सालींच प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहिला तर औषधाचीच बाजू घ्यावीशी वाटते. वर्षअखेर दोन्ही गटांत वांचलेल्या पायांचें प्रमाण सारखेंच, शेंकडा ८२. पण जिवंत राहिलेल्यांचें प्रमाण औषधाच्या गटांत शेंकडा ८४ आणि शस्त्रक्रियेच्या गटांत शेंकडा ५८. शस्त्रक्रियेनें पाय सुधारले, परंतु तो ताण कित्येकांच्या हृदयाला व फुप्फुसांना पेलला नाहीं. पुढें ५४४ रोग्यांचा याहून मोठा प्रयोग १९९८ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्यांत ही तफावत दिसली नाहीं. सहा महिन्यांनीं पाय राखून जगणारे औषधाच्या गटांत शेंकडा ७१.८, शस्त्रक्रियेच्या गटांत ७४.८. मोठे रक्तस्राव मात्र औषधाच्या गटांत दुपटीहून अधिक, शेंकडा १२.५ विरुद्ध ५.५. पायाचें भलें करतां करतां मेंदूंत रक्तस्राव झालेले रोगीहि त्यांत होते, शंभरांत दीड या प्रमाणांत. दीड हा आंकडा लहान दिसतो. पण ज्याच्या घरीं तो घडतो तेथें पायासाठीं आलेला माणूस वाचा गमावून किंवा जीव गमावून बसतो, आणि तसें होण्याची भीति वयाबरोबर वाढत जाते.

ती कां वाढते हें समजून घेतलें पाहिजे. म्हातारपणीं मेंदूंतील बारीक रोहिण्यांच्या भिंतींत कित्येकांच्या बाबतींत एक चिकट प्रथिन सांचत जातें आणि त्या भिंती ठिसूळ होतात. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबानें त्या आणखी खंगतात. असा माणूस बाहेरून ठणठणीत असतो. रोज फिरावयास जातो, वर्तमानपत्र वाचतो. विद्रावक औषध अंगांत भिनलें म्हणजे मग त्या भिंतींची परीक्षा होते. उलट, पंचाहत्तरीच्या दोन माणसांचे मेंदू आंतून सारखे जीर्ण असतीलच असें नाहीं. वय हें या जीर्णतेचें अंदाजी माप आहे, आणि अंदाजी माप जेवढें विश्वासार्ह तेवढाच विश्वास त्यावर ठेवावा.

ब्रिटनमधील ११ केंद्रांनीं सुमारें दहा वर्षांत केलेल्या अशा ११३३ उपचारांची नोंद २००४ सालीं प्रसिद्ध झाली. एका महिन्यानंतर तीनचतुर्थांश रोगी पाय राखून जिवंत होते. आठांतल्या एकाचा पाय कापावा लागला होता आणि आठांतला एक वारला होता. वय जितकें अधिक तितका मृत्यूचा संभव अधिक, हें या नोंदींतहि दिसलें. त्याबरोबर स्त्रिया, हृदयविकाराचे जुने रोगी आणि वाहत आलेल्या गुठळीचे रोगी यांनाहि तो अधिक होता. पाय गमावण्याचा धोका मात्र ६५ वर्षांच्या आंतील पुरुषांना जास्त होता. प्रथम हें चमत्कारिक वाटतें, पण विचार केला म्हणजे उलगडतें. पन्नाशींतच ज्याच्या पायाची रोहिणी बंद पडते त्याचा रोहिणीविकार बहुधा जात्याच उग्र असतो, आणि तंबाखू त्याच्या पांचवीला पुजलेली असते. म्हाताऱ्याची लढाई बव्हंशीं प्राणाशीं असते, तरुणाची पायाशीं.

तंबाखूचा उल्लेख आला म्हणून येथें थोडें विषयांतर. १९०८ सालीं न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यानें वर्णन केलेला एक विकार विशीपासून चाळिशीपर्यंतच्या, तंबाखू ओढणाऱ्या माणसांत आढळतो. त्यांत हातापायांच्या बारीक रोहिण्या व शिरा सुजून गोठतात आणि बोटें झडूं लागतात. बिडीच्या देशांत, आणि बिड्या वळण्यावर ज्यांच्या बाजारपेठा चालत आल्या त्या सिन्नर-सोलापुरासारख्या गांवांच्या प्रांतांत, हा विकार अनोळखी नाहीं. येथें रोगी तरुण, मेंदूच्या रोहिण्या धडधाकट, रक्तस्रावाची भीति कमी. तरीहि विद्रावक औषधाचा उपयोग बेताचाच होतो, कारण सूज भिंतींतच असते. बिडी पूर्णपणें सुटली तरच पाय टिकतो. नुसतें तारुण्य येथें कामास येत नाहीं, हें वयाची थोरवी गाणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावें. २०२० च्या साथींतहि धडधाकट माणसांच्या पायांच्या रोहिण्या गोठलेल्या वैद्यांनीं पाहिल्या.

मग वयाची कांहीं मर्यादा घालावी कीं नाहीं? पुष्कळ वर्षें ७५ किंवा ८० हा आंकडा डॉक्टरांच्या तोंडीं असे. पण युरोप-अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं पायाच्या रोहिण्यांसाठीं या औषधाचा उपयोग कोणावर करूं नये याची जी संमत यादी १९९८ सालीं प्रसिद्ध केली तींत वयाचा आंकडा नाहीं. गेल्या दोन महिन्यांत पक्षाघात अथवा त्याची चाहूल, चालू रक्तस्राव, दहा दिवसांच्या आंतील जठर-आंतड्यांतील रक्तस्राव, तीन महिन्यांच्या आंतील मेंदूची शस्त्रक्रिया किंवा डोक्याला मार, हे पूर्ण निषेध. त्याखालोखाल आटोक्याबाहेरचा रक्तदाब, नुकतीच झालेली मोठी शस्त्रक्रिया, आणि नुकतीच झालेली डोळ्याची शस्त्रक्रिया. हें शेवटचें कलम आपल्याकडील घरांनीं विशेष ध्यानांत ठेवावें, कारण मोतीबिंदु काढला ही गोष्ट पायाच्या दुखण्यांत सांगण्याजोगी आहे असें कोणाला वाटतच नाहीं. तसेंच, आजोबा गेल्या महिन्यांत न्हाणीघरांत घसरून पडले होते व डोक्याला टेंगूळ आलें होतें, ही बातमी घरांतल्या सुनेला किंवा नातवालाच ठाऊक असते आणि रात्रीं रुग्णालयांत गेलेल्या मुलाला आठवत नाहीं. या यादीची उत्तरें कागदावरच्या वयापेक्षां पुष्कळ अधिक बोलकीं असतात.

पक्षाघाताच्या क्षेत्रांत वयाची रेघ प्रयोगानेंच पुसट झाली. बारा देशांत ३०३५ रोग्यांवर झालेला व २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग मुद्दाम वृद्धांना घेऊन केला होता. निम्म्याहून अधिक रोगी ऐंशीच्या पुढचे होते, आणि त्यांचा फायदा तरुणांहून कमी आढळला नाहीं. मेंदूचा हा निकाल पायाला जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. मेंदूंत औषध एकच तास द्यावयाचें असतें, पायांत चोवीस तास, कधीं अट्ठेचाळीस. आणि पायाला दुसरे उपाय असतात.

या चोवीस तासांतच वय खऱ्या अर्थानें आडवें येतें. रोग्याला अतिदक्षता विभागांत उताणें, पाय न हालवितां पडून राहावें लागतें. जांघेंतली नळी सरकली तर रक्ताची धार लागते. तरुण माणूस चडफडत कां होईना पडून राहतो. ऐंशीच्या माणसाला अनोळखी खोलींत, दिव्यांच्या उजेडांत, झोप नसतांना मध्यरात्रीं भ्रम होतो. आपण कोठें आहों तें त्याला कळत नाहीं आणि तो उठून घरीं जावयास निघतो. अशा वेळीं ओळखीचें एक माणूस उशाशीं बसलेलें असणें, चष्मा व कानाचें यंत्र जवळ असणें, यांचा फार मोठा उपयोग होतो. दुर्दैवानें नियमाच्या नांवाखालीं पुष्कळ रुग्णालयें तेवढें करूं देत नाहींत. शिवाय चित्रासाठीं वारंवार जो रंगद्रव टोचतात तो मूत्रपिंडांना जड जातो, आणि म्हातारपणीं मूत्रपिंडांची शक्ति आधींच घटलेली असते. पाय पुन्हां तांबूस झाला तरी संकट संपत नाहीं. उपाशी स्नायूंत रक्त परत आलें कीं ते सुजतात, पोटरींत ताण चढतो, आणि तो उतरविण्यासाठीं कधीं लांबच लांब चिरा घ्याव्या लागतात.

इतकें सोसावयाचें तें कशासाठीं, हा प्रश्न घरच्या मंडळींच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याच्या दुसऱ्या पारड्यांत काय आहे तें मात्र क्वचितच स्पष्ट सांगितलें जातें. मांडींतून पाय कापलेल्या वृद्धांपैकीं पुष्कळांना कृत्रिम पाय मिळाला तरी त्यावर चालण्याची ताकद उरत नाहीं. पलंग व चाकांची खुर्ची एवढ्यांतच त्यांचें जग आटोपतें. आणि ही शस्त्रक्रिया सुरक्षितहि नव्हे. वृद्धांत तीमुळें होणारे मृत्यु थोडे नाहींत. "या वयांत कसले उपाय" असें म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा शांतपणें पडून राहिलेला म्हातारा असतो. रक्त तुटलेला पाय शांतपणें पडूं देत नाहीं. कांहीं रोग्यांच्या बाबतींत, आयुष्याचा शेवट जवळच आलेला असेल, माणूस आधींच अंथरुणाला खिळलेला असेल, तर वेदना शमविणें हाच शहाणपणाचा व दयेचा उपचार होय. पण तो निर्णय माणसाची आधींची हालचाल, त्याचें भान व त्याची स्वतःची इच्छा यांवर घ्यावयाचा असतो. पोर्टलंडच्या त्या बाईंना निदान विचारलें तरी गेलें होतें.

अलीकडच्या काळांत औषधाचा वांटा कमी करणारीं साधनेंहि आलीं आहेत. रोहिणींत सोडलेल्या नळीनें गुठळी नुसती शोषून घेणें, किंवा फिरत्या साधनानें तिचा भुगा करून तो ओढून घेणें, या रीतींनीं औषध थोडें लागतें, कधीं मुळींच लागत नाहीं, आणि चोवीस तासांचें काम एकाच बैठकींत उरकतां येतें. मेंदूंतील रक्तस्रावाच्या भीतीनें ज्यांना पूर्वीं औषध नाकारलें जाई त्यांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे. जुन्या, विटेसारख्या गुठळीपुढें मात्र तींहि साधनें बरीचशीं हतबल होतात. आणि ज्या पायाचें भान व हालचाल झपाट्यानें जात आहे त्याला औषध झिरपत बसण्याइतका वेळच नसतो. तेथें शस्त्रवैद्याचा फुगा हाच उपाय.

गुठळी गेल्यावर ती पुन्हां होऊं नये म्हणून रक्त पातळ राखणारी गोळी सुरू करतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळें झालेली गुठळी असेल तर ती गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागते, आणि येथें पुन्हां वयाचा हिशेब येतो. ॲपिक्सॅबन नांवाच्या गोळीची नेहमींची मात्रा ५ मिलिग्रॅम, दिवसांतून दोनदां. ती निम्मी करावयाची ती तीन गोष्टींपैकीं कोणत्याहि दोन लागू पडल्या तर: वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, आणि मूत्रपिंडांची शक्ति दाखविणारें क्रिएटिनिन १.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक. ८५ वर्षांचा, ७० किलो वजनाचा, मूत्रपिंडें धड असलेला गृहस्थ पूर्ण मात्रा घेतो. त्याची ८१ वर्षांची, ४८ किलो वजनाची पत्नी निम्मी घेते.